तारेवरची पत्रं

आबांची कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत होती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ती व्यापारी पेठ. आबांच्या गादीमागं भिंतीला एक तार टांगलेली असायची. वर आकडा, खाली लाकडाची चकती. पत्र आलं, वाचलं, की तारेत ओवलं. गुजरातच्या व्यापाऱ्याचं पोस्टकार्ड, रेल्वेची पावती, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, सगळं एकावर एक. दिवाळी पाडव्याला तार खाली उतरायची, पत्रांचं बंडल सुतळीनं बांधून वर साल लिहायचं आणि माळ्यावर टाकायचं. आबांनी आयुष्यात एक कागद फाडून टाकलेला मला आठवत नाही.

पुढं अडत मोडली. आण्णांनी उद्यमनगरात लेथ टाकला, मी त्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन आणलं. तारेची सवय मात्र तशीच राहिली, फक्त तार कॉम्प्युटरात गेली. गेल्या पावसाळ्यात मोजलं तेव्हा माझ्या इनबॉक्समध्ये ४१ हजारांवर मेल होते. इचलकरंजीच्या लूमवाल्यांच्या ऑर्डरी, कास्टिंगचे दर, बँकेचे ओटीपी, मंडळाच्या मीटिंगा, आणि ज्यांनी कधीच काही विकत घेतलं नाही अशा लोकांच्या चौकशा. तीन वेगवेगळे पत्ते: कारखान्याचा, घरचा आणि मंडळाचा. कारखान्यातल्या जुन्या मशीनवर ब्राउझर उघडून मेल दिसेपर्यंत पोरं एक जॉब काढून दुसरा लावायची.

सीएनसीचे प्रोग्राम मी सात-आठ वर्षं ईमॅक्स नावाच्या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्येच लिहितो. कंट्रोलच्या पडद्यावर उभ्यानं एकेक आकडा बदलण्यापेक्षा इथं बसून लिहिलेलं बरं. पुण्याला शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. माझी तारांबळ बघून म्हणाला, "मामा, दिवसभर ईमॅक्समध्ये बसताय आणि मेलला ब्राउझर कशाला? ग्नूस आहे की त्यातच." एवढं बोलून तो रंकाळ्यावर फिरायला गेला आणि माझे पुढचे दोन महिने गेले.

ग्नूस हा मूळचा बातम्या वाचायचा प्रोग्राम. बातम्या म्हणजे पेपरातल्या नव्हेत, यूजनेटवरच्या. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ साली ज्याची कल्पना काढली, ते चर्चागटांचं जाळं. जपानच्या मासानोबू उमेदांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी हा प्रोग्राम लिहिला. नॉर्वेच्या लार्स मॅग्ने इंगेब्रिग्टसेन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर तो पायापासून नव्यानं बांधला आणि त्यात मेलही आणून बसवला. त्यांनी कच्च्या आवृत्त्यांची बारशी कशी केली बघा: सप्टेंबर, रेड, क्वासिया, टेरोडॅक्टिल, ऊर्ट, नो, मा. पहिली अक्षरं लावली तर एस, आर, क्यू, पी, ओ, एन, एम. इंग्रजी मुळाक्षरं उलटी! ज्याच्या घरी बाराखडी मागून सुरू होते, त्याच्या प्रोग्रामकडून सरळ वागण्याची अपेक्षा मी तेव्हाच सोडायला हवी होती.

पहिल्या दिवशी काहीही न लिहिता नुसतं ग्नूस चालू केलं. त्यानं 'न्यूज' नावाच्या सर्व्हरचा शोध सुरू केला. पूर्वी विद्यापीठांत अशा नावाचं मशीन असायचं म्हणे. उद्यमनगरात कुठून असणार? काही वेळानं सर्व्हर उघडता येत नाही असं सांगून तो गप्प बसला. मग घरच्या फोल्डरात डॉट-ग्नूस नावाची फाइल केली आणि मॅन्युअल उघडलं. मॅन्युअल मोठं आहे, गमतीदार आहे, आणि त्यात सगळं आहे. फक्त तुम्हाला आत्ता हवं ते कुठल्या पानावर आहे तेवढंच सापडत नाही.

फाइल लिस्प भाषेत लिहायची, म्हणजे कंसच कंस. माझा पहिला प्रयत्न एका कंसाअभावी गेला. फाइल संपली तरी वाक्य संपलं नाही, अशा अर्थाची ओळ येऊन थांबला. सीएनसीच्या जी-कोड भाषेत ओळ चुकली तर निदान मशीन अलार्म देऊन ओळीचा नंबर दाखवतं. इथं तो एक कंस शोधायला मला चहाचे दोन कप लागले. नंतर कळलं की ईमॅक्स कंसांच्या जोड्या रंगवून दाखवतो, ती सोय मीच कधी काळी बंद केली होती.

मेलचा सर्व्हर जोडणं कागदावर सोपं आहे. कुठल्या पद्धतीनं आणायचं ते सांगायचं, आयमॅप. पत्ता द्यायचा, पोर्ट ९९३. पाठवायला वेगळा सर्व्हर, पोर्ट ५८७. पासवर्ड मुख्य फाइलमध्ये लिहायचा नाही, तो 'ऑथइन्फो' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये एका ओळीत: मशीन अमुक, लॉगिन अमुक, पोर्ट अमुक, पासवर्ड अमुक. आमच्या मेलवाल्या कंपनीला नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रामात चालत नाही, ती १६ अक्षरांचा वेगळा बनवून देते. पडद्यावर तो चार-चार अक्षरांच्या चार तुकड्यांत दिसतो, मध्ये मोकळी जागा. मी आहे तसा उचलून चिकटवला. लॉगिन होईना. नवा बनवला, तरी होईना. तिसरा बनवला. रात्री साडेअकराला डोक्यात प्रकाश पडला: त्या ओळीत शब्द सुटे होतात ते मोकळ्या जागेवरच. ग्नूसनं पहिली चार अक्षरं पासवर्ड म्हणून घेतली आणि बाकीची बारा त्याच्या लेखी भलतंच काहीतरी होती. जागा काढून टाकल्या आणि पाच सेकंदांत पडद्यावर 'इनबॉक्स' असा एक शब्द उमटला. घरात सगळी झोपलेली. कुणाला उठवून सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा नवे मेल होते. एकेक उघडून वाचले, 'क्यू' दाबून बाहेर आलो. पडदा रिकामा. इनबॉक्स गायब. खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ: बातमी नाही, म्हणजे सारं क्षेम!

छातीत धस्स झालं. ४१ हजार मेल, तीन वर्षांच्या ऑर्डरी, एका कळीत गेलं सगळं? हात कापत फोन काढला, फोनवर सगळं जागच्या जागी होतं. मग मॅन्युअल. ग्नूसच्या हिशेबात इनबॉक्स हाही एक गटच, आणि ज्या गटात न वाचलेलं काही नाही तो गट दाखवण्यात अर्थच नाही. आणि गटात शिरलात तरी वाचलेलं दिसणार नाही. मेलकडे तो पेपरासारखं बघतो. वाचला, घडी घातली, संपला. कालचा पेपर कोण चाळत बसतो?

आमच्या घराण्यात हे ऐकून घेतलं नसतं. आबांच्या तारेवर वाचलेलीच पत्रं असायची. न वाचलेलं पत्र तारेला लावणं म्हणजे अपशकुन. मी ताबडतोब उपाय शोधले. मोठा 'एल' दाबला की रिकामे गटही दिसतात. कुठले गट कायम दिसावेत ते फाइलमध्ये लिहिता येतं, तिथं मी 'सगळे' असं लिहून टाकलं. आणि गटात शिरताना वाचलेलंही सगळं दाखव असंही सांगून ठेवलं. मग इनबॉक्सवर एंटर मारलं. ग्नूसनं विचारलं, ४१ हजारांपैकी किती आणू? २००च्या वर गेलं की तो असं विचारतो. मी बाणेदारपणे सगळे म्हटलं. बाहेर जाऊन टपरीवर कटिंग घेतला, ट्रान्स्पोर्टवाल्याशी भांडलो, परत आलो, तरी ओळी येतच होत्या.

असे आठ दिवस काढले. म्हणजे जो प्रोग्राम मेल कमी करायला आणला त्यालाच मी ब्राउझर बनवून ठेवलं होतं, तोही हळू चालणारा. आठव्या दिवशी दोन्ही ओळी पुसल्या. सांगेल तसं वागून बघू म्हटलं. नव्या मशीनवर पहिला जॉब आपण मशीनच्या मर्जीनंच काढतो, मग ऑफसेट बदलतो. तसंच.

आता खरी रचना. ग्नूसमध्ये प्रत्येक गटाला एक पातळी असते, १ ते ९. पाचपर्यंत म्हणजे वर्गणी भरलेले गट, ६ आणि ७ म्हणजे वर्गणी बंद केलेले, ८ म्हणजे झाँबी, ९ म्हणजे मारून टाकलेले. नुसतं 'जी' दाबलं तर सगळे वर्गणीचे गट तपासतो, पण आधी १ दाबून मग 'जी' दाबलं तर फक्त पहिल्या पातळीचे. हे वाचलं आणि मला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आठवला. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर आकड्यांवर जगतं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी ३६ला असताना कोण सामान वर चढवत नाही आणि ४२ला असताना कोण झोपत नाही. मेलचंही असंच पाहिजे होतं. ऑर्डरी आणि सीएचे मेल पहिल्या पातळीवर, घर दुसऱ्या, मंडळ तिसऱ्या, कंपन्यांची सूचनापत्रं चौथ्या, यूजनेट पाचव्या. मशीन चालू असताना मी फक्त १ आणि 'जी' दाबतो. मंडळातल्या मित्रांना त्यांची पातळी सांगितली नाही, सांगू नये.

पातळ्या लावल्या, गटांना विषयांखाली बसवलं, कारखाना, घर, मंडळ असे तीन कप्पे केले, आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. ग्नूस ही सगळी मांडणी बाहेर पडताना फाइलमध्ये लिहितो. मी बाहेर पडलोच नव्हतो. लाईट आल्यावर चालू केलं तर त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी घाईत 'नाही' म्हटलं. कप्पे गेले. नंतर वाचलं की तो चालता-चालता कच्ची नोंद ठेवत असतो आणि ती वाचू का, एवढंच विचारत होता. आमच्याकडं सरकारी फॉर्म न वाचता सही करणाऱ्यांना मी हसतो.

मेल आपोआप ज्या त्या गटात टाकायचे नियम हा सगळ्यात रसाळ भाग. नियम वरून खाली तपासले जातात, जो जुळेल त्याच्या गटात मेल जातो. मी पहिला नियम केला ऑर्डरींसाठी: विषयात 'पीओ' असेल तर ऑर्डर. परचेस ऑर्डरला आमच्याकडं सगळे पीओच म्हणतात. संध्याकाळी ऑर्डरींच्या गटात ३७ मेल! आनंदानं उघडला तर बँकेचा मासिक रिपोर्ट, कुठल्याशा सॉफ्टवेअरचा सपोर्ट, कुणाचा तरी इम्पोर्ट. इंग्रजी स्पेलिंगात ती दोन अक्षरं किती शब्दांच्या पोटात दडून बसलीत हे त्या दिवशी कळलं. ३७ पैकी खऱ्या ऑर्डरी दोन. ग्नूसमध्ये नियमांची दुसरी, जास्त लवचीक पद्धत आहे, तीत शब्द पूर्ण जुळावा लागतो आणि पहिला जुळलेला नियमच धरता येतो. तिथं गेलो आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखायचे नियम आधी, विषयावरून ओळखायचे नंतर, असा क्रम लावला. गिऱ्हाईक विषयात काहीही लिहितं. एक इचलकरंजीचे शेठ तर गेली चार वर्षं एकाच जुन्या मेलला उत्तर देत नव्या ऑर्डरी पाठवतात, विषय अजून 'दिवाळीच्या शुभेच्छा'.

मराठीचं प्रकरण वेगळं. आधी मी काळ्या टर्मिनलमध्ये चालवून बघितलं, जोडाक्षरांचा भुगा झाला. ईमॅक्स स्वतःच्या खिडकीत चालवला तर देवनागरी नीट दिसते. २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ नावाची अक्षरजुळणीची व्यवस्था आली, तेव्हापासून बघायला नको. लिहायला कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून देवनागरी आयट्रान्स, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची पद्धत, चालू करतो. पण यादीत गोची होती. मेलांच्या यादीतली प्रत्येक ओळ कशी दिसावी हे एका साच्यानं ठरतं, आणि मूळ साच्यात पाठवणाऱ्याच्या नावाला २३ घरं. नाव लांब असलं की तेविसाव्या घरावर कापतो. इंग्रजी नावाचं काही बिघडत नाही. मराठी नावातलं अक्षर, काना, मात्रा, हलन्त यांची मोजणी वेगळी, दिसणारी रुंदी वेगळी. कुणाची वेलांटी जायची, कुणाचं आडनाव अर्ध्या अक्षरावर लंगडं व्हायचं, आणि पुढचे सगळे विषय करवतीच्या दातांसारखे मागंपुढं. लेथवाल्याला रांग वाकडी दिसली की झोप येत नाही. तीन रात्री त्या एका ओळीवर घालवल्या. शेवटी तारीख पुढं घेतली, मग विषय, आणि नावाला शेवटी मोकळं सोडून दिलं, न कापता. अजून कुठं कुठं अर्धा मिलिमीटर रनआउट, म्हणजे डोल, आहे. असू दे.

त्यानंतर सह्या. कुठल्या गटातून लिहिलं तर कुठला पत्ता आणि खाली काय सही, हे ग्नूस गटाच्या नावावरून ठरवतो. कारखान्याची सही, घरची काही नाही, आणि मंडळाची 'खजिनदार, शिवजयंती उत्सव समिती'. एका दुपारी मंडळाच्या गटात वर्गणीचा मेल वाचत होतो, तेवढ्यात पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन आला, कोटेशन आत्ता पाठवा. तिथंच 'एम' दाबला, दर लिहिले, पाठवलं. अर्ध्या तासानं त्यांचं उत्तर: "दर मान्य. वर्गणी वेगळी द्यायची का त्यातच धरलीय?" ऑर्डर मिळाली. तेव्हापासून नवं पत्र मी गटांच्या यादीवर येऊनच लिहितो.

आता जे सांगायला मला लाज वाटते ते. ग्नूसमध्ये गुण देण्याची सोय आहे. पाठवणाऱ्याला, विषयाला, शब्दाला. अमुक माणसाचं पत्र वर, तमुकचं खाली. त्यातलाही एक पुढचा प्रकार म्हणजे तुमच्या वागण्यावरून त्यानं स्वतःच गुण द्यायचे. मेल वाचलात, पाठवणाऱ्याला थोडे गुण. न उघडता 'डी' दाबून बाजूला टाकलात, थोडे वजा. वाचून मी भारावलो. एक ओळ फाइलमध्ये टाकायची, बस. टाकली.

आमचे सीए जीएसटीची आठवण महिन्यात पाच-सहा वेळा करतात. ११ तारखेपासून सुरू होतात. विषयावरूनच कळतं, म्हणून मी उघडत नाही, 'डी' दाबतो. दाबला. १४ला दाबला. १५ला दाबला. ग्नूस शांतपणे लिहून घेत होता: हा माणूस यांना नको आहे. पुढच्या मेलापासून सीएंचे गुण शून्याच्या खाली, आणि शून्याच्या खालचा मेल तो स्वतःच वाचलेला म्हणून खूण करून टाकतो. यादीत ओळ दिसते, पण फिकट अक्षरांत, पुढं 'वाय' अशी खूण. मी स्पेसबार दाबत जाणारा माणूस. स्पेसबार न वाचलेल्या मेलावरच उडी मारतो. त्याच्या खुणा सर्व्हरवरही जातात, म्हणून फोनवरही तो मेल वाचलेलाच. १६, १८ आणि १९ तारखेचे तिन्ही मेल असे गेले. १९च्या मेलात त्यांनी एका बिलाचा नंबर जुळत नाही, तो कळवल्याशिवाय रिटर्न भरता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं.

२२ला फोन आला. "साहेब, मेल बघता का न्हाई? तीन टाकले की!" मी ठामपणे म्हटलं की आलेच नाहीत. ते म्हणाले, तुमच्याकडून बघितल्याचं दिसतंय. फोन धरूनच गटात शिरलो, कंट्रोल-यू दाबून सगळं उघडलं, आणि तिन्ही ओळी फिकट रंगात माझ्याकडं बघत होत्या. रिटर्न २३ला भरलं. मुदत २०ची. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे १५० रुपये विलंब शुल्क, वर करावरचं व्याज. पैशाचं जाऊ द्या, पण मी त्यांना खोटं पाडलं होतं आणि ते खरे होते. संध्याकाळी जाऊन समोर बसून सगळं सांगितलं. त्यांना ग्नूस कळलं नाही, पण 'तुम्हीच मला नापास केलं' एवढं कळलं. ते हसले. मला हसू यायला दोन दिवस लागले.

ती ओळ पुसली. शिवाय सीएंना हातानं, कायमचे १००० गुण दिले. त्यासाठी कळा कुठल्या, माहीत आहे? वाढव म्हणून मोठा आय, पाठवणाऱ्यावरून म्हणून ए, तुकडा जुळला तरी चालेल म्हणून एस, आणि कायमचं म्हणून पी. आय-ए-एस-पी. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दोघांनाही मध्यस्थीला घातल्यासारखं वाटलं. आपोआप गुण देणं आता फक्त यूजनेटच्या गटांना चालू आहे, तिथं कोण रुसत नाही.

यूजनेटबद्दल थोडंच सांगतो. गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे संदेश घेणं-दाखवणं बंद केलं, तेव्हा अनेकांना ते मेलंच असं वाटलं. मेलेलं नाही. मोफत सर्व्हर आहेत, नाव नोंदवलं की मिळतं. मी धातुकामाचा एक जुना गट वाचतो, रेक-क्राफ्ट्स-मेटलवर्किंग. म्हातारी माणसं आहेत, राजकारणावर फार भांडतात, ते गुणांनी खाली जातं. पण मध्येच कुणीतरी लेथच्या बेडची झीज कशी मोजावी यावर असं लिहितं की प्रिंट काढून पोरांना दाखवावी. माझी रात्रीची पंधरा मिनिटं तिथं जातात.

राहता राहिलं फेकणं. वाचलेल्या मेलावर मोठा 'ई' दाबला की तो मुदतीचा होतो, सात दिवसांनी ग्नूस तो उडवतो. सात ही मूळची ठेवण, गटागणिक बदलता येते. ओटीपी, कुरिअरची सूचना, सूचनापत्रं यांना मी सात दिवस ठेवली. हात पहिल्यांदा त्या कळीवर ठेवताना आबा मागं उभे आहेत असं वाटलं, खोटं नाही सांगत. ऑर्डरींना 'कधीच नाही' असं लिहिलं. मग कळलं की उडवण्याऐवजी दुसऱ्या गटात हलवही म्हणता येतं. म्हणून ऑर्डरींची मुदत वर्षाची केली आणि मुदत संपली की साल लिहिलेल्या गटात जायचं, असं लावलं. २०२३, २०२४, २०२५. सुतळी तेवढी राहिली.

इनबॉक्समधले ते ४१ हजार? दोन महिन्यांत, रात्रीचे सहाशे-सातशे असे हाताळले. ९ हजारांच्या आसपास राहिले, सगळे सालांच्या गटात. डॉट-ग्नूस फाइल आज २१२ ओळींची आहे, त्यातल्या चाळीसेक ओळी का आहेत ते मला सांगता येणार नाही आणि काढायचं धाडसही नाही. भाचा दिवाळीत आला तेव्हा त्याला मोठ्या हौसेनं दाखवायला गेलो. तो म्हणाला, "मामा, मी आता फोनवरच बघतो."

परवा आण्णा कारखान्यात आले. वय ७८, अजून रोज एक चक्कर असते. माझ्या खुर्चीत बसले. पडद्यावर काही नव्हतं, खाली तेवढी ती बारीक ओळ.

"बंद पडलंय काय रं?"

"न्हाई आण्णा. सगळी पत्रं वाचून झाली."

"मग गेली कुठं?"

मी मोठा 'एल' दाबला. कारखाना, घर, मंडळ, खाली सालं. आण्णांनी चष्मा कपाळावर घेतला, जवळ जाऊन बघितलं.

"त्या इचलकरंजीवाल्याचं दाखव. बुशिंगची ऑर्डर दिलती बघ, दोन वर्षांमागं, आणि नंतर माप बदललं म्हणून भांडला हुता."

मोठा 'जी' दोनदा दाबून शोधलं. शोध सर्व्हरवरच होतो, दोन सेकंदांत आला. विषय, अर्थातच, दिवाळीच्या शुभेच्छा. आत माप होतं, ४२, आणि त्यानं नंतर मागितलेलं ४२.५. आण्णांनी सगळं वाचलं, खालची तारीख वाचली, परत वरून वाचलं.

"प्रिंट काढ," म्हणाले.

काढली. ती घेऊन ते आपल्या टेबलाशी गेले, आणि शाहूपुरीहून आणलेल्या तारेत ओवून ठेवली.